सवलतीची गाडी

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारलात. मागच्या वर्षीच्या फोटोंत आजी गाडी चालवते आणि आजोबा मागच्या सीटवर बसलेले दिसतात, ते का? तिकडे असं फक्त टॅक्सीत बसतात, असंही धाकटीने सांगितलं. आजोबा शेजारीच होते. "आवाज नाई येत," म्हणाले आणि उठून दुकानात गेले. आवाज चांगला येत होता. म्हणून क्रमाने लिहून पाठवते, नाहीतर तुमचे बाबा अर्धंच सांगतील.

माझी मोठी बहीण शिरपूरला, जैन देवळामागच्या गल्लीत राहते. अर्धांगवायू झाल्यापासून ती अंथरुणावर आहे. तिचं बोलणं घरात कोणाला कळत नाही. मला कळतं. कसं कळतं ते सांगता येणार नाही. लहानपणी एकाच खाटेवर झोपलेल्या बहिणींना कळतं, एवढंच. दर गुरुवारी मी गेले की तिच्या सुनेला आठवडाभराचं एकदम समजतं. कुठे दुखतं, काय खावंसं वाटतं, कोणावर राग आहे. एखादा गुरुवार चुकला की ताई तोंड फिरवून पडून राहते आणि जेवत नाही.

पूर्वी आजोबा त्यांच्या पेट्रोलच्या गाडीने मला न्यायचे. मग त्यांना काचबिंदू निघाला. गाडी चालवायची नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं. आजोबांनी ते मुकाट्याने ऐकलं, घरी येऊन गाडीवर कापड घातलं आणि विचारेल त्याला सांगू लागले की इंजिनाचं काम निघालं आहे. दुकानात कोणाला काही कळलं नाही. कापडाचा पोत ते अजून बोटांनी ओळखतात, आणि गिऱ्हाइकाला आवाजावरून.

मी चालवली असती. तुमचे बाबा शाळेत होते तेव्हापासूनचं लायसन्स आहे माझ्याकडे. पण डावा गुडघा बदलल्यापासून क्लच दाबला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बसची पायरी तर त्याहून उंच. दोन वेळा स्टँडवरूनच परत आले. आणि बसने गेलंच तर परतायला दिवस मावळतो. दिवस मावळल्यावर आपल्या घरी जेवण नाही. उपाशी झोपायला माझी हरकत नव्हती. आजोबा मात्र माझ्यासाठी थांबून स्वतःही उपाशी झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राग दुकानातल्या कपाटांवर काढायचे.

विजेच्या गाडीला क्लच नसतो. डाव्या पायाला काही कामच नसतं. हे मला कळलं त्या दिवसापासून मला तीच गाडी हवी होती. पण "मला हवी" या कारणावर तुमच्या आजोबांनी आजवर काही घेतलेलं नाही. त्यांना फायदा दाखवावा लागतो. तो मला वर्तमानपत्रात सापडला. विजेच्या गाडीसाठी कर्ज काढलं, तर त्या कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते, अशी बातमी मी पूर्वी कापून ठेवली होती. ती मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

"अन् रोख घेतली तं?" त्यांनी विचारलं.

"तर काही नाही. सवलत व्याजावर आहे."

"म्हन्जे ज्याच्यापाशी पैसे हायेत त्याले काई नाई, अन् जो व्याज भरन त्याले बक्षीस?"

"तसंच."

"हा कायदा कोन्या सावकारानं लिहिला का?"

त्यांचा राग समजून घ्या. कर्ज काढायचं नाही आणि कोणाला जामीन राहायचं नाही, या दोन गोष्टी त्यांच्या वडिलांनी त्यांना पाढ्यांच्या आधी शिकवल्या. त्यात आयकर भरते मी, माझ्या शिक्षिकेच्या पेन्शनवर. म्हणजे कर्ज माझ्या नावावर हवं आणि गाडीही माझ्याच नावावर. कितीतरी दिवस हा विषय आमच्या ताटाशेजारी बसलेला असायचा. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. कर्जाचं कोणाला सांगायचं नाही.

"पुतण्याला तरी विचारू," मी म्हटलं. आपली कराची विवरणपत्रं तोच भरतो, तेच त्याचं काम.

"त्याले तं बिलकुल नाई. त्याच्या मायले समजन, अन् मंग साऱ्या समाजाले समजन."

म्हणून ज्याला विचारायला हवं होतं त्यालाच आम्ही विचारलं नाही. शोरूमच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, सवलत आहे ना, सगळे घेतात." गाडी विकणारीकडून याहून वेगळं उत्तर काय येणार होतं?

बँकेत साहेबांनी कागद पुढे केले. एका जागी छापलं होतं कर्जदार, तिथे मी सही केली. दुसऱ्या जागी छापलं होतं जामीनदार. ते आजोबांच्या पुढे आलं. साहेबांनी बोट ठेवलं, "इथे." आजोबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मला वाटलं, त्या शब्दापाशी अडले. मग त्यांनी सही केली, आणि ती चौकट सोडून खालच्या छापील मजकुरावर गेली. साहेबांनी दुसरा कागद दिला. या वेळी सही टेबलाच्या काचेवर उतरली.

"पेन बरोबर नाई तुमचा," आजोबा म्हणाले.

मी त्यांचा हात धरून चौकटीत नेला. साहेब खिडकीकडे पाहू लागले. इतकं कमी दिसतं हे मलाही त्या दिवशीच कळलं.

गाडी आली. पहिल्या गुरुवारी मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं, तर ते मागचं दार चाचपत होते.

"पुढे बसा ना."

"इथं हवा चांगली लागते."

शेटजी मागे बसले आहेत, म्हणजे शेटजींनी गाडी चालवायला माणूस ठेवला आहे. शेटजी बायकोच्या शेजारी पुढे बसले, तर लोक विचारणार, हे स्वतः का चालवत नाहीत? हा त्यांचा हिशेब मला चौकापर्यंत पोहोचेस्तोवर समजला. पानवाल्याने हाक मारलीच, "शेटजी, नवीन डायवर चांगला भेटला." आजोबा काच खाली करून म्हणाले, "पगार नाई घेत, फक्त डोकं खाते."

दुकानात त्यांनी याहून पक्की तजवीज केली. सरकार बाईच्या नावावर सवलत देतं म्हणून गाडी बाईच्या नावाने घेतली, असं ते सांगू लागले. आणि जिच्या नावाची गाडी तिनेच चालवायची, नाहीतर सवलत जाते, असा नियम त्यांनी स्वतःच काढला. कर्जाचा शब्द कुठे नाही. नियम ऐकायला इतका सरकारी वाटायचा की कोणी शंका घेतली नाही. मी आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका सांगितलं, आणि गल्ल्यामागे बसून हे ऐकत राहिले. गुरुवार चालू होते. ताई जेवत होती.

मग विवरणपत्र भरायचे दिवस आले आणि पुतण्याला सांगणं भाग पडलं. त्याने बँकेचा व्याजाचा दाखला पाहिला, कर्ज मंजूर झाल्याची तारीख पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"काकू, ही सवलत मिळत नाही."

"पण कलम तर आहे."

"कलम आहे. पण ठरलेल्या मुदतीत मंजूर झालेल्या कर्जापुरतंच. ती मुदत तुम्ही कर्ज काढायच्या आधीच संपली. पुढे वाढवली नाही. मला एक फोन करायचा होता काकू."

मी ते कलम मूळ इंग्रजीत काढून वाचलं. वाक्य इतकं लांब होतं की माझ्या वर्गात कोणी लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारून परत दिलं असतं. सवलत आरंभी होती आणि अट पोटात दडवलेली. कापून ठेवलेल्या बातमीत फक्त आरंभ छापला होता. मला संताप आला तो पैशांपेक्षा याचा. धूर कमी करणारी गाडी घ्या, असं सरकार म्हणतं. ती गाडी काल घेतली तर चांगली आणि आज घेतली तर नाही, असं कसं? आजची गाडी काय जास्त धूर सोडते? मी पुतण्याशी भांडले, तो बिचारा पाणी पीत राहिला.

पुतण्या गेल्यावर आजोबा म्हणाले, "विकून टाकू."

"काय?"

"ज्याच्यासाठी घेतली तेच भेटत नाई, तं ठेवायची कायले? कर्ज डोक्यावर, जामीन मी, अन् हातात काई नाई."

"मी शिरपूरला कशी जाऊ?"

"बस हाये."

बस माझ्यासाठी नाही हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की हा हिशेबही नाही. सवलत हे त्यांचं पांघरूण होतं, ते निघालं होतं. पण तसं तोंडावर म्हणणं मला जमलं नाही. मालेगावच्या एका दलालाला त्यांनी शुक्रवारी गाडी पाहायला बोलावलं. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी फक्त चहाबद्दल बोललो.

बुधवारी दुपारी जऊळक्याचे शेतकरी भाऊ दुकानात आले. ते आजोबांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचं कापड आपल्याकडून गेलेलं. गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हेच म्हणाले होते, "हे हायब्रीड का? हायब्रीड म्हन्जे आमच्याइकडे जवारी. तिची भाकर तं जनावरंबी खात नोहोते." त्या दिवशी मात्र ते घाईत होते.

"शेटजी, उद्या अकोल्याले जाऊन राह्यलो. पोरीसाठी गाडीचा बयाना द्याले. तिले पेट्रोलवाली पाह्यजे होती, मी म्हनलं, नाई, शेटजीसारखी विजेचीच घे. बँकेतून कर्ज काढून राह्यली. तिच्या पगारातून कर कापते ना, तं तेवढी सवलत भेटून जाईन." मग माझ्याकडे वळले. "काहो वहिनी, पोरीलेच चालवा लागते म्हन्तात, तं जावयानं एखाद्या दिवशी चालवली तं सवलत जाते का?"

त्यांची मुलगी शाळेत शिकवते, माझी विद्यार्थिनी. मी आजोबांकडे पाहिलं. ते मीटरपट्टीवरून अंगठा फिरवत होते. आता ते बोलतील म्हणून मी थांबले. अंगठा फिरतच राहिला. शुक्रवारी गाडी जाणारच आहे, दोन दिवस गप्प राहिलं तर यांची लाज तरी राहील, असं एकदा मनात येऊन गेलं. पण तिकडे ती मुलगी माझ्या घरातून निघालेल्या गोष्टीवर सही करणार होती.

"भाऊ, सवलत नाही," मी म्हटलं. "होती, ती बंद झाली. आम्हालाही मिळाली नाही. चालवण्याचा तर नियमच नव्हता कधी. मुलीला गाडी आवडत असेल तर जरूर घेऊ दे, पण सवलतीसाठी नको."

भाऊ माझ्याकडून आजोबांकडे पाहू लागले. "मंग शेटजी, तुमी कायले घेतली?"

दुकानात कापड फाडणारा आमचा माणूसही थांबला. आजोबांनी मीटरपट्टी खाली ठेवली, आणि ती गल्ल्याच्या कडेवरून घसरून पडली. त्यांनी ती उचलायला हात घातला. पट्टी एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला. भाऊंनी उचलून हातात दिली.

"मले दिसत नाई," आजोबा म्हणाले. "हिले चालोता येते. म्हनून घेतली."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. डॉक्टरनं गाडी बंद केली माही."

भाऊ म्हणाले, "तरी म्हनलं, मागच्या खेपेले माह्या बायकोले तुमी भाऊ कसे काय म्हनले."

आजोबा हसले. मला हसू आलं नाही, मी आत जाऊन चहा ठेवला. परत आले तेव्हा आजोबा फोनवर मालेगावच्या दलालाला सांगत होते की येऊ नका, गाडी घरच्यांना लागते. कर्ज त्यांनी मुदतीआधीच फेडून टाकलं. भाऊंच्या मुलीने अखेर विजेचीच गाडी घेतली, आणि मधून मधून जावईही चालवतात.

सवलतीबद्दल मी संबंधितांना इंग्रजीत एक सविस्तर पत्र पाठवलं. सूचना अशी की अट पहिल्या वाक्यात लिहावी. पोच आलेली नाही.

भाऊ येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आजोबा पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. तेव्हापासून ते पुढेच बसतात, म्हणून नव्या फोटोंत तुम्हाला तसे दिसतात. त्यांना रस्ता दिसत नाही, पण पाठ आहे. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी "हळू" म्हणतात, आणि देवळासमोर यात्रेकरूंच्या बसगाड्या उभ्या असल्या की स्वतःच्या पायाने जमिनीवर ब्रेक दाबतात. शिरपूर येईपर्यंत माझं डोकं दुखायला लागतं.

त्या पहिल्या दिवशी ताईला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काहीतरी बोलली. आजोबा पायथ्याशी बसले होते, त्यांनी विचारलं, "काय म्हन्ते?"

मी म्हटलं, "म्हणते, त्यांना सांग, मागेच बसत जा."