हात चुकला नव्हता

"हत्याराला नावं ठेवायची न्हाईत, अक्का," असं म्हणत मिस्त्री काम संपलं की कटर मशीनवरचा भुसा फुंकरीनं उडवायचे. फळी तिरकी कापली गेली, तर स्वतःच्याच हाताला चापट मारायचे. तुमच्याही पाहण्यात असं कुणी असेल. मी मात्र पुण्याहून कन्नड मुलखात, जे. पी. नगरला राहायला आल्यावर, स्वयंपाकघरातली कपाटं करून घेताना, हे पहिल्यांदा पाहिलं. मला भारी कुतूहल वाटायचं, की हत्यार कधीच कसं चुकत नाही.

ते चुकलं. नव्या मशीननं त्यांची डाव्या हाताची दोन बोटं गेली. बटण सोडलं तरी पातं फिरतच राहिलं होतं. कंपनीचा माणूस येऊन 'हात घसरला' असं लिहून गेला. तेव्हा मात्र मिस्त्री हट्टाला पेटले.

"भरपाई देऊ देत न्हाईतर नको. माझा हात चुकला न्हाई, एवढं कागदावर पायजे."

मी त्यांना ग्राहक आयोगासाठी तक्रार लिहून दिली. तपासणी होईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही, असं आमच्या वकिलांनी दहादा बजावलं.

मध्येच आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. मिस्त्रींनी मशीन उघडलं, नवं बटण बसवलं, कुंकू लावून पूजेत मांडलं. वकिलांनी कपाळावर हात मारला. मीही चिडले.

"बिघडलेलं हत्यार देवापुढं कसं मांडायचं?" ते खाली बघत म्हणाले.

मशीन तुम्हीच उघडलं, मग दोष आमचा कशावरून, असं कंपनीनं म्हटलं आणि तक्रार फेटाळली गेली. मला फार वाईट वाटलं.

मिस्त्री मात्र कामाला लागले. ओळखीच्या सुतारांकडची तसलीच मशीनं मागवून त्यांनी सगळ्यांची बटणं बदलली. जुनं प्रत्येक बटण लोणच्याच्या बरणीत, त्याला मालकाच्या नावाची कन्नड चिठ्ठी बांधलेली. निपाणीला कायमचे परतताना बरणी माझ्या ओट्यावर ठेवून गेले. "टाकवत न्हाई," एवढंच बोलले.

पुढे सर्जापूर रोडला आणखी एका सुताराचा हात तसाच कापला. या वेळी मशीन कुणी उघडलं नव्हतं, आणि वकिलांच्या हातात मी नेऊन दिलेली ती बरणी होती. तपासणीत त्या मशीनचं बटण जसं अडकत होतं, तशीच बरणीतली बटणंही अडकत होती.

निकाल आला तशी मी निपाणीला फोन लावला आणि एक वाक्य वाचून दाखवलं: दोष बटणाचा आहे, वापरणाऱ्याच्या हाताचा नाही.

"त्यात माझं नाव हाय?"

"नाही, मिस्त्री."



"असू दे. परत एकदा वाचा की, अक्का. स्वल्प सावकाश."