कानसेनांचा तिसरा नॉब

सगळी गल्ली त्यांना कानसेन म्हणायची, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, ते लोकांची गाणी मिक्स करत. माउसशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. हातमोजे घालून कणीक मळल्यासारखं वाटतं, म्हणायचे. म्हणून त्यांनी नॉबचा एक बोर्ड घेतला होता. कॉम्प्युटरवर आवाज सुधारायचा जो प्लगइन उघडावा, त्याचा ताबा या नॉबकडे येई. तिसरा नॉब आवाजातला कर्कशपणा काढायचा, आणि त्यांचा सगळा जीव त्याच्यावर.

त्या दिवशी माइकसमोर त्यांची बायको होती, घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. गाणं सोडायचं की नाही ते आज ऐकून ठरवीन, असं तिने सांगून टाकलं होतं, आणि तिने एकदा ठरवलं की विषय संपला.

पहिलं कडवं झालं. गिटार म्यूट करून त्यांनी तिचा नुसता आवाज लावला.

"अहो, हा आवाज आहे की पत्रा खरवडताय?"

"थांब जरा." त्यांनी तिसरा नॉब हळूच मागे घेतला. "आता?"

"किंचित बरा."

त्यांनी आणखी थोडा फिरवला. तिने डोळे मिटले. "हं. आता माझ्यासारखा वाटतोय."

कानसेनांनाही तो मऊ लागला. स्वारी खुशीत आली. आणि मग बोर्डावरचा लाल दिवा दिसला.

बोर्ड लॉक होता. सकाळी गिटारचं काम करताना नॉब दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनीच तो गिटारच्या प्लगइनला बांधून ठेवला होता, आणि सोडायचं साफ विसरले होते. इतका वेळ ते मुक्या गिटारचे कान पिळत होते. तिच्या आवाजाला नॉब शिवलाही नव्हता.

गप्प बसले असते तर अब्रू वाचली असती. पण मग ती जन्मभर म्हणत राहिली असती, यांनी यंत्रावर ठीक केला म्हणून, नाहीतर माझ्या गळ्यात काय उरलंय? ते त्यांना सोसवेना.

"अगं, मी गाढवपणा केलाय," ते म्हणाले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

ती खो खो हसली. "आणि म्हणे कानसेन!" मग एकदम थांबली. "म्हणजे मघाशी ऐकला तो आवाज?"

"तुझाच. पहिल्यापासून तोच होता."

तिने पदराने डोळे पुसले आणि माइकसमोर जाऊन उभी राहिली.

"दुसरं कडवं राहिलंय," ती म्हणाली. "आणि तो दिवा असू द्या तसाच."