दार उघडणारी नणंद

शेजारच्या घरी वरच्या दोन खोल्या प्रवाशांना देतात. दार उघडायचं काम नणंदेचं. नवऱ्याने टाकल्यावर ती भावाकडे आली, ती कायमचीच. गल्ली तिला घंटी म्हणते, आणि तिला ते चांगलं ठाऊक आहे.

खुणेची पद्धत भावजयीची. आलेला माणूस ‘आपल्यातला’ असला तर घंटीने आत ओरडायचं, “वहिनी, चहा टाकू का?” नसला तर, “वहिनी, दूध नासलं.” मग भावजय हात पुसत बाहेर येणार आणि चेहरा पाडून म्हणणार, “अहो, खोल्या कालच भरल्या.” आडनाव, बोलण्याची ढब, कातडीचा रंग, सगळं घंटीने दारातल्या दारात जोखायचं. भाऊ चेष्टेने म्हणायचा, “हिला पोलिसात घ्यायला हवं होतं.”

त्या दुपारी एक बाई म्हाताऱ्या आईला घेऊन आली. आईला धाप लागलेली, चौकट धरून उभी होती. आडनाव ऐकूनही घंटीने हाक दिली, “वहिनी, चहा टाकू का?”

भावजय वर जाऊन नाव लिहून घेते तर आडनाव भलतंच, आणि म्हातारी पलंगावर आडवी. खाली येऊन तिने आवाजसुद्धा चढवला नाही. “तू चढवलंस, तूच उतरव. नाहीतर त्यांच्या मागोमाग तुझी ट्रंक.”

घंटी वर गेली. नळाला पाणी नाही, म्हणाली.

“बादलीभर चालेल हो,” मुलगी म्हणाली.

“मोटरच बिघडलीय.”

“खालून आणीन मी.”

मग मात्र थापा संपल्या. “आमच्या वहिनींना तुमच्यातले लोक चालत नाहीत.”

म्हातारीने उठून आधी चादर सारखी केली. मुलगी म्हणाली, “दारातच सांगायचं ना, ताई. आईला जिना तरी चढवला नसता.”

त्या गेल्या आणि ती चादर उकळत्या पाण्यात पडली. उकळली अर्थात घंटीनेच.

हे तिनेच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडे ती चादर वाळत घालताना. मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, “तुला तोंड नव्हतं? नाही म्हणायचंस वहिनीला.”

“मावशी, त्यांना दुसरं घर मिळेल. मला कोण घेणार?”

“आणि मिळालं का त्यांना?”

ती चिमटे लावत राहिली. “काल संध्याकाळी भाजीला गेले होते. स्टँडवरच्या बाकावर बसल्या होत्या दोघी. मी पलीकडच्या फुटपाथने आले.”