भिंतीनं पोट काढलं

आमच्या देवळाची दगडी भिंत मी नासवली. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो; आमचं निजामाच्या काळातलं. मी नवी सून होते, अक्कल माहेरी विसरून आलेली. नाताळाआधी दरवर्षी बायका जमून चुना कालवायच्या, दगडांच्या सांध्यांत भरायच्या. चुन्यानं हात भाजायचे, साडीवर डाग पडायचे. माझी साडी गुलाबी, नवीकोरी! मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, बैठकीत उभी राहून मी बोलले, "एकदाच सिमेंट भरा, कटकट मिटेल." टाळ्या पडल्या. सासूबाई तेवढ्या गप्प. मला वाटलं, जळतायत.

पावसाचं पाणी भिंतीत शिरायचंच, पण चुन्यातून ते सुकून जायचं. सिमेंटनं त्याची वाटच बुजवली. आतला भराव भिजत राहिला आणि यंदा वेदीमागच्या भिंतीनं दिवस भरल्यासारखं पोट काढलं.

ठेकेदार म्हणतो, "आजी, वरून सिमेंटचा गिलावा मारतो, टाइल लावतो. दगड दिसायचाच न्हाई."

"मेल्या, गळवावर पावडर लावायलास का?"

माझा मुलगा मंडळीचा पंच, आणि तोही ठेकेदाराकडून! त्याच्या मुलीचं, माझ्या नातीचं, लग्न त्याच वेदीसमोर ठरलेलं. माझ्या म्हणण्याप्रमाणे भिंत उतरवून, दगडांवर नंबर टाकून, चुन्यात पुन्हा रचायची तर देऊळ बंद ठेवावं लागणार.

"आई, परभणीचे पाहुणे यायलेत. लय हट्ट करायलीस. लग्न होऊ दे, मग बघू."

"पाहुण्यांच्या टाळक्यात दगड पडल्यावर बघतोस का?"

अंगाचा नुसता भडका उडाला. मुलाचा राग, ठेकेदाराचा राग, आणि सगळ्यांत जास्त त्या गुलाबी साडीतल्या टवळीचा. समोर असती तर तिच्याच पदरानं तिचं तोंड बांधलं असतं! टेम्पोतून सिमेंटची पोती उतरली तशी मी त्यांच्यावर जाऊन बसले. म्हटलं, आधी मला उचला. कुणाची छाती झाली नाही.

मुलानं लेकीला बोलावून आणलं, म्हातारीला समजाव म्हणून. नात आली, भिंतीला हात लावून आली आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसली. त्या साडीची फुशारकी तिनं लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकलेली.

"आजी, लग्न बाहेर लिंबाखाली मांडव घालून करू. पण लग्नात तू गुलाबी साडी नेसायचीस, आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून चुना कालवायला बसायचंस."