ताप नाय, कसर हाय

आमच्या साडूंइतका सज्जन आणि त्यांच्याइतकी धडकी भरवणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात दुसरा नसेल. ते डॉक्टर आहेत, पण तेवढ्यावर भागत नाही. सकाळी बोईसरच्या दवाखान्यात रोगी तपासतात आणि दुपारी रोगांच्या पाहणीचे फॉर्म घेऊन गावोगाव दारं ठोठावतात. म्हणजे तुम्ही आजारी पडून त्यांच्याकडे गेला नाहीत, तर तेच तुमच्याकडे येणार. नमस्कार करता करता ते समोरच्याचे डोळे, नखं आणि मानेच्या गाठी पाहून घेतात. शिरगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाचे श्वास मोजले. त्याला दरदरून घाम फुटला, मुलीचे वडील मटकन खाली बसले, आणि हे शांतपणे म्हणाले, "काही नाही, नुसता घाबरलाय." बोईसरला रिक्षावाला खोकला की मागून विचारणार, "कब से है?" "पंधरा-बीस दिन, साब." एवढं ऐकलं की रिक्षा थेट दवाखान्यात. मी तर मुळातच भित्रा. त्यांची पाठ फिरली की आरशासमोर जीभ बाहेर काढून बघतो.

गेल्या वर्षी त्यांनी पाहणीला आमचं माहीम गावच घेतलं. फॉर्मवरचा पहिला प्रश्न, 'घरात कोणाला बरेच दिवस ताप आहे का?' घरोघर एकच उत्तर, नाय. आमच्याकडे मी त्यांना ओटीवरच गाठलं आणि "सगळे ठणठणीत!" म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. पुढे तीन आठवड्यांनी बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीचा हात त्यांना गरम लागला. ताप का लपवलास म्हणून विचारलं, तर तिनेच त्यांना झापलं. "ताप कुटं हाय? जरा कसर हाय. मयना झाला. कसरीला कोन ताप म्हनतं?"

कसर म्हणजे अंगातला बारीक ताप. हा शब्द त्यांनाही ठाऊक होता, फक्त फॉर्मवर नव्हता. त्याच दुपारी ते पहिल्या घरापासून पुन्हा फिरू लागले.

आमच्याकडे आले तेव्हा मी वाडीत पाणी लावत होतो. परतलो तो बायकोची नाडी त्यांच्या हातात. "सांजची कसर असते ओ भावजी, रोजचीच," ती सांगत होती. थुंकीची तपासणी झाली, एक्स-रे झाला. रिपोर्ट येईपर्यंत मी देवापुढे नुसता बसून होतो, निरांजनही तिनेच लावलं. क्षय निघाला.

सहा महिने गोळ्या चालल्या. साडू रोज फोन करून "घेतली?" एवढंच विचारायचे. आता ती बरी आहे. पण आमच्याकडे जेवायला आले की ते तिच्याकडे मान वर करून बघत नाहीत. "पहिल्याच खेपेला नीट विचारलं असतं तर," असं पुटपुटतात. "जेवा ओ, मी हाय ना धडधाकट," म्हणत ती त्यांना पापलेट वाढते.

मला त्यांच्याकडे बघवत नाही. तिच्या अंगात कसर असते, हे त्या दिवशी ओटीवर चहा पाजताना मला माहीत होतं. डॉक्टर काय सांगतील या भीतीने मी ते गिळलं. हे त्यांना सांगायचं ठरवून मी दर वेळी फाटकापर्यंत सोडायला जातो, आणि "पोचलात की फोन करा" म्हणून परत येतो.