मेंढरांसाठी चढलेला डोंगर

खताच्या खड्ड्यातला कुजका पाला उकरला, की त्या वासानं मला भीमाशंकरचं रान आठवतं. तवा पोरगा सारखा म्हणायचा, "आबा, गुडघं गेलं तुमचं, मेंढरं इकून टाकू." मी म्हणालो, "कोकणाकडनं पायी भीमाशंकरचा डोंगर चढून दाखवतो. चढलो तर मेंढरं राहतील." तो हसला, पण संगं आला. वाटेत दगडांवर रंगाचे बाण काढले होते. मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. आमच्या शिरूरच्या माळावर जिथं लेंड्या दिसतात तिथनं वाट जाते, म्हणून मी लेंड्यांमागं निघालो आन् तासाभरानं खालच्या डबक्यावर पोचलो. तिथं दोन शेरडं पाणी पीत होती. पोरगा म्हणाला, "झालं समाधान? चला घरी." "घरी तू जा," म्हणालो आन् बाणांच्या वाटेनं पुन्हा पहिल्यापासून चढलो. झाडी एवढी दाट, की भर दुपारी ऊन अंगाला लागंना, आन् पाल्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. दिवस कलायच्या आत माथा गाठला. मागनं आलेला पोरगा धापा टाकत खाली बसला, मी उभाच राहिलो. "राहू द्या मेंढरं," तो म्हणाला. आज मेंढरं हायेत आन् त्यांच्यामागं मीच हाय. तवा बसलो असतो, तर मला उठता आलं नसतं, हे मात्र त्याला अजून सांगितलं न्हाई.