खड्याखालचा डाग

पत्नी गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते एका अंगठीवर. तिला स्वतःला एवढी चर्चा सहन झाली नसती.

अंगठी मी घेतली होती. तेव्हा मी कशेळ्याला शाळेत शिकवत होतो. बाजाराच्या दिवशी जुनी भांडी, समया, तुटके दागिने घेणारा-विकणारा एक माणूस गोणपाट पसरून बसायचा. त्याच्या ढिगात ही दिसली. पिवळा धातू, गडद निळा खडा आणि भोवती कोणीतरी हाताने कोरलेली पानं. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार. साच्यातून काढलेल्या अंगठीत अशी चूक होत नाही, म्हणून मला ती आवडली. धातू कोणता, खडा कोणता, हे मी विचारलं नाही. पत्नीनेही विचारलं नाही. तिने ती बोटात घातली, पानं मोजली आणि म्हणाली, "एक गळलेलं दिसतंय." दवाखान्यात नर्सने काढून माझ्या हातात देईपर्यंत ती तिच्या बोटात होती.

मग मुलीने घातली. मुलगी सध्या माझ्याकडेच राहते. कर्जतमध्येच राहणारी माझी मोठी बहीण भेटायला आली आणि मुलीच्या बोटाकडे बघून दारातच थबकली.

"नीलम आहे हा," ताई म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या बोटातून उतरलेला. कोणाची साडेसाती उचलून आणलीस रे घरात? तरी म्हटलं, धडधाकट बाई अशी कशी जाते! नदीत सोड आधी."

मी म्हणालो, आजाराला नाव होतं, डॉक्टरांनी ते कागदावर लिहून दिलं आहे. ताई म्हणाली, "डॉक्टर नाव लिहितात. कारण लिहितात का?"

चार दिवसांनी मुलीचं बोट रिकामं दिसलं. मी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारण्याचं काम पत्नी करायची. मला फक्त संताप आला. विज्ञान शिकलेली मुलगी, आणि आत्याच्या एका वाक्याने आईची अंगठी काढून ठेवते! खडा नीलम नाही एवढं एकदा कळलं की हा विषय संपेल, असं मी ठरवलं.

कर्जतच्या बाजारातल्या सराफाकडे गेलो तेव्हा ताई न बोलावता बरोबर आली. सराफाने अंगठी तळहातावर घेतली.

"सर, रास कोणती?"

"अंगठीला रास नसते."

"घालणाऱ्याची हो."

"घालणारी वारली."

तो ओशाळला. हळू आवाजात म्हणाला, "मग मोडीत द्यायची का?"

मला उठून जावंसं वाटलं. पण ताई बाकावर ऐसपैस बसली होती. मी फक्त एवढंच सांगितलं की मला विकायची नाही, मोडायची नाही, ही काय आहे ते समजून घ्यायचं आहे. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे कधी आलं नसावं. त्याने अंगठीची कड कसोटीच्या काळ्या दगडावर घासली, रेघेवर बाटलीतला एक थेंब सोडला.

"सोनं नाही. चांदी आहे, वरून सोन्याचं पाणी दिलेलं. खड्याचं मी सांगणार नाही. कोंदण खालून बंद आहे, त्याला डाग आहे."

ताई ताडकन उभी राहिली. "डागी नीलम! बघ, मी काय म्हणत होते!"

नीलम वाईट, आणि त्यात डाग असलेला म्हणजे फारच वाईट, असं तिचं शास्त्र. सराफ बिचारा धातूच्या जोडाबद्दल बोलत होता. फुटक्या भांड्याला देतात तो डाग. त्याने ते दोनदा समजावलं. परतताना रिक्षात ताईने तीन नातेवाइकांना फोन करून डागाची बातमी दिली. घरी येऊन मी शब्दकोश काढला आणि तिला तीन अर्थ वाचून दाखवले: दागिना, जोड, कलंक.

"तिसराच," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पत्नीच्या नावावरच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी खालापूरच्या तहसील कचेरीत जावं लागलं. तिथे कळलं की मृत्यूच्या दाखल्याची मी आणलेली प्रत चालणार नाही, दुसरी लागेल. दोन्हींत फरक काय ते कोणी सांगितलं नाही. बाहेर चहा पिताना टपरीवाल्याकडून जुने दागिने ओळखणाऱ्या, लोधिवलीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचं कळलं. दिवस वाया गेलाच होता, अंगठी खिशात होती. गेलो.

तो ओट्यावर बसून कुणाच्या तरी जोडव्यांना झिलई देत होता.

"कोनाची हाय?"

"माझ्या बायकोची. ती आता नाही."

"बरं. बसा."

रास विचारली नाही. खड्यावर तोंडाने वाफ सोडली आणि तो बघत राहिला. "बगा, वाफ रेंगाळली. खऱ्या खड्यावरची चटकन उडते." मग भिंग माझ्या हातात दिलं. "आत गोल बुडबुडा दिसतो? काच हाय ही. आन निळीबी नाय. कडेनं बगा."

मी अंगठी आडवी धरून कडेने पाहिलं. काच पांढरी होती.

"खाली निळी पन्नी घातलीय," तो म्हणाला. "तिचा रंग वर दिसतो."

काच. मला एकदम हलकं वाटलं. आणि लगेच स्वतःची अशी चीड आली की काय सांगू. हलकं कशासाठी वाटायला हवं होतं? नीलम निघाला असता तर मी काय मानणार होतो? तीन महिने मी ताईशी वाद घालत होतो आणि आत कुठेतरी तिचं म्हणणं जपून ठेवलं होतं, की अंगठी मी आणली, म्हणून पत्नी गेली. मुलीसाठी म्हणून मी हे सगळं करत नव्हतोच.

तिथूनच मुलीला फोन लावला. "काच आहे. आता घाल."

"बाबा, मला ती सैल होत होती. दोनदा बेसिनमध्ये पडली."

"आत्यामुळे नाही काढलीस?"

"आत्यामुळे?" ती हसली. मग म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही माझ्या हाताकडे बघायचं टाळायचात. जेवतानासुद्धा. म्हटलं, नकोच."

मी कारागिराला विचारलं, लहान करून मिळेल का?

"कापून जोडावी लागंल. आच लागली की पन्नी जळनार. मग पांढरी काच राहील. असली निळी पन्नी आता मिळत नाय."

फोन चालूच होता. मुलीने ऐकलं. "नको, नको. मी दोरा गुंडाळते."

संध्याकाळी ताई हजर. मी सांगितलं, काच निघाली. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाली, "काच? अरे, एवढी वर्षं तिला काच घालायला लावलीस? बरी रे तुझी हौस!"

मुलगी टेबलाशी बसून अंगठीच्या खालच्या बाजूला शिवणाचा पांढरा दोरा गुंडाळत होती. "आत्या, टोक धर जरा."

ताईने धरलं. "घट्ट घे गं. आणि काळा दोरा घ्यायचास."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"पांढरा मळतो म्हणून म्हटलं," ती म्हणाली.

मुलीने गाठ मारली, दाताने दोरा तोडला, अंगठी घातली आणि हात माझ्यासमोर धरला. "बघा, बसली का नीट?"

मी तिचा हात हातात घेऊन पाहिलं. बसली होती.